दोन सुतांचा काप

“निळा नाही, हिरवा,” कमळाकर म्हणाला आणि त्याने लेथच्या पायावर पटाशीची धार अलगद टेकवली.

“काका, नव्या शेडमधल्या सगळ्या मशिनी निळ्या येतायत. मॅच नको व्हायला?” प्रदीपने विचारलं.

“साडीवरचा ब्लाऊज आहे का मॅच व्हायला? थांब जरा.”

प्रदीप कारखान्याचा मालक खरा, पण कमळाकरने त्याला याच शेडमध्ये चड्डीवर पळताना पाहिलेलं. थांब म्हटल्यावर तो थांबला. पटाशी सरकली. वरचा राखाडी पापुद्रा सुटला. त्याखाली आणखी एक राखाडी, त्याखाली कुणी तरी कधी तरी हौसेने मारलेला पिवळा, आणि सगळ्यांत खाली, नखाएवढ्या जागेत, बाटलीच्या काचेसारखा गडद हिरवा.

“हा बघ. विलायतेहून आला तेव्हा हा असा होता.”

“तू व्हतास वाटतं बोटीवर?” मशिनच्या पलीकडून तुळशीराम म्हणाला.

“मी नव्हतो. रंग होता.”

प्रदीप हसला आणि हिरवा मान्य झाला. वाद घालण्यात अर्थ नव्हता. पॅटर्न आणि लाकूड या दोन बाबतींत कमळाकर पांचाळचं चुकलेलं पनवेलमध्ये कुणी पाहिलं नव्हतं, आणि रंगाला तो लाकडाचाच भाऊबंद मानत असे.

उरण नाक्याजवळचा तो जुना कारखाना विकला गेला होता. भातगिरण्यांचे शाफ्ट कातायला आणलेला बारा फुटी बेडचा तो लेथ, वर छताला फिरणारा दांडा, त्यावरून खाली उतरणारे चामडी पट्टे, सगळं गणपती झाले की भंगारवाल्याच्या ताब्यात जाणार होतं. दसऱ्याला तळोज्याला नवी शेड सुरू व्हायची होती. तिच्या ऑफिसात, दारातून आत शिरताच दिसेल अशी काचेची पेटी ठेवायची आणि त्या पेटीत या लेथची हुबेहूब छोटी प्रतिकृती, असं प्रदीपच्या मनाने घेतलं होतं. नुसती बघायची नाही. बाजूचा दांडा फिरवला की पट्टा फिरला पाहिजे, आणि पट्ट्याने लेथ.

“लाकूडकाम आणि रंग काकांचा, पितळकाम तुळशीरामदादांचं,” प्रदीप म्हणाला. “आणि दादा, तुमचंही ठरलंय. बाकी सगळ्या मशिनी ऑटोमॅटिक असल्या तरी एक साधा लेथ ठेवतोय कोपऱ्यात. तो तुमच्याकडे.”

“मंग दुसऱ्या कोनाकडं देनार?” तुळशीराम म्हणाला. तीस वर्षं या मशिनवर उभं राहिलेल्या माणसाला वेगळं काय वाटणार!

माप तुळशीरामने घेतलं. मशिन त्याचं होतं. त्याची कुठली कड सरळ आणि कुठली झिजलेली हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. तो आपल्या स्टीलच्या पट्टीने मोजून आकडे सांगायचा, कमळाकर प्लायवुडच्या फळीवर लिहायचा. मग सगळ्याला सहाने भागलं. बारा फुटी बेडचा दोन फुटी बेड झाला. त्या एका फळीवरून दोघे आपापल्या कामाला लागले.

तुळशीरामने पितळेचे भाग त्याच लेथवर कातले. वरचा लांब शाफ्ट, बेडच्या अंगाने जाणारा आट्यांचा दांडा, पुल्या, हाताची चाकं. “सोताची बाहुली सोताच करतंय,” तो म्हणायचा आणि मशिनच्या पाठीवर थाप मारायचा. त्या मशिनवरचं ते शेवटचं काम ठरलं. अनंत चतुर्दशीनंतर गॅसकटर आला, आणि दोन दिवसांत बेडचे तुकडे ट्रकवर चढले. तुळशीराम ते बघायला गेला नाही.

कमळाकरने लाइन आळीतल्या आपल्या घराच्या ओटीवर सागवान मांडलं. हे काम त्याला एरवीपेक्षा वेगळं होतं. कारखान्यात तो पॅटर्नमेकर. लोखंडाचा जो भाग ओतायचा तो आधी लाकडात घडवायचा. मग तो पॅटर्न वाळूत दाबायचा, काढून घ्यायचा, आणि राहिलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. लोखंड गिऱ्हाइकाकडे जायचं, पॅटर्न माळ्यावर. माळा भरला की जुने पॅटर्न पोत्यात घालून तो घरी आणायचा, आणि गुणाबाई ते बंबात घालायची.

“तुझ्या आंघोळीच्या पाण्यात माझी सगळी कारकीर्द आहे,” तो बायकोला म्हणायचा.

“म्हणूनच पाणी लवकर तापतं. सागवान आहे,” गुणाबाई म्हणायची.

आता पहिल्यांदाच त्याच्या हातचं लाकूड वाळूत जाणार नव्हतं. ते काचेत बसणार होतं, आणि येणारा जाणारा ते बघणार होता. हे त्याने कुणाजवळ बोलून दाखवलं नाही. पण रंगाला बसला तेव्हा दाढी करून, धुतलेला सदरा घालून बसला. फटींत, भोकांत लांबी भरली, वाळल्यावर घासायचा कागद मारला, पुन्हा भरली. हिरव्याचा पहिला हात, त्यावर बारीक कागद, मग दुसरा, मग तिसरा. शेवटी बेडच्या अंगावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत खारीच्या केसांच्या ब्रशने एक बारीक पिवळी रेघ ओढली. ती ओढताना श्वास रोखायचा, आणि मध्ये थांबायचं नाही.

गुणाबाई उंबऱ्यात उभी राहून बघत होती. रेघ संपल्यावर ती म्हणाली, “हा नाही हं मी बंबात घालणार.”

चाळीस वर्षांच्या संसारात तिने केलेली ही सगळ्यांत मोठी स्तुती होती.

घटस्थापनेनंतर तुळशीराम जुन्या धोतराच्या फडक्यात पितळ बांधून आला. दोघे ओटीवर मांडी घालून बसले. कमळाकरने शाफ्ट उचलला, बेडच्या दोन टोकांवरच्या खांबांमधल्या खोबणीत बसवायला गेला. एक टोक बसलं. दुसरं बसेना.

“रंग गेलाय आत,” कमळाकर म्हणाला आणि त्याने खोबण पटाशीच्या टोकाने साफ केली. तरी बसेना. शाफ्टवर खोबणीत बसण्यासाठी कातलेला भाग खांबापर्यंत पोचतच नव्हता. आट्यांचा दांडा लावून पाहिला. तोही तसाच.

कमळाकरने आपली पट्टी शाफ्टला लावली. “दोन सूत आखूड.” सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, दोन सूत म्हणजे पाव इंच. अशा कामात पाव इंच म्हणजे दरीच.

“कसा हुईल?” तुळशीरामने शाफ्ट डोळ्याजवळ नेला. “फलीवर लिवलेलं माप तेच काडलंय.”

“मग माझं लाकूड वाढलं?”

“पावसालीचं लाकूड फुगतं.”

“आडवं फुगतं. लांबीत नाही फुगत. हे तू मला सांगतोस?”

तुळशीरामने शाफ्ट आणखी जवळ धरला, पापणीला लागेल इतका. कमळाकरला ते दिसलं. गेलं वर्षभर दिसत होतंच. चहाचा कप ठेवताना तुळशीरामचा हात आधी टेबल चाचपायचा.

“तुळशा,” तो म्हणाला, “डोळे दाखव एकदा. मोतीबिंदू झालाय तो.”

तो हळू बोलला होता, मित्रासारखा बोलला होता. पण तुळशीरामने शाफ्ट खाली ठेवला, फडक्याची घडी केली, ती खिशात घातली आणि पितळ तिथेच टाकून उठला.

“बरोबर बोलतंस,” तो म्हणाला. “डोले गेले असतील.”

“अरे, चहा तरी—”

“नको. भामाला बाजार आनायचाय.”

दोन दिवसांनी प्रदीप स्कूटरवरून आला. मॉडेल बघून त्याचे डोळे चमकले. मग तो म्हणाला, “काका, तुळशीरामदादा येऊन गेले माझ्याकडे. नव्या शेडमध्ये येत नाही म्हणाले. लेथ दुसऱ्या कुणाला तरी द्या म्हणाले. मी विचारलं का, तर म्हणाले, हात राहिला नाही. तुमचं काही झालं का?”

“पितळ आखूड पडलंय,” कमळाकर म्हणाला.

“तेवढंच ना? तळोज्यात एका दिवसात दुसरं कातून मिळेल. सांगू का?”

कमळाकरने फडताळातल्या पितळेकडे पाहिलं. ज्या मशिनवर ते कातलं होतं ते आता कुठल्या भट्टीत होतं कुणास ठाऊक. “एक दिवस थांब,” तो म्हणाला.

खंडेनवमीच्या सकाळी भामा आली. तुळशीरामची बायको करंजाड्याहून बाजाराला यायची, तेव्हा गुणाबाईकडे पाणी प्यायला थांबायचीच. आज तिच्या पाटीत झेंडूच्या शेजारी पत्र्याची पेटी होती.

“वैनी, हत्यारं हाईत त्यांची,” ती म्हणाली. “यंदा तुमच्यात पुजा. घरात नको बोलतात. मी बोलले, मंग काय गाढीच्या पान्यात टाकू? तर बोलतात, टाक.”

“असं कसं बोलतात!” गुणाबाईने पेटी घेतली.

“जेवत नाय धड. माजी चूक नाय, मिस्त्रींची नाय, डोल्यांची हाय, येवढंच बोलतात. मी तर बाय कोनाची चूक इचारलीच नव्हती.”

भामा गेल्यावर कमळाकरने पाट मांडला. त्याच्या घरची रीत सरळ होती: नवमीला हत्यारं धुवायची, पुसायची, पाटावर ठेवून पूजा करायची. एकदा हळदकुंकू लागलं की दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत कुणीही हत्याराला हात लावायचा नाही. वर्षभर ती राबतात, एक दिवस त्यांनी बसायचं. पटाश्या, रंधे, करवती मांडून झाल्यावर त्याने तुळशीरामची पेटी उघडली. कॅलिपर, कातायच्या टूलांची जुडी, आणि ती स्टीलची दोन फुटी पट्टी. ती त्याने आपल्या दोन फुटी पट्टीशेजारी ठेवली आणि दोन्हींची डावी टोकं सवयीने बोटाने एका रेषेत आणली.

उजवी टोकं एका रेषेत आली नाहीत.

त्याने पुन्हा डावीकडे पाहिलं. टोकाला टोक होतं. उजवीकडे त्याची स्वतःची पट्टी तुळशीरामच्या पट्टीपेक्षा पुढे आलेली. किती, ते मोजायला तिसरी पट्टी लागली नसती. दोन सूत.

“काय झालं?” गुणाबाई हळदकुंकवाची कुयरी घेऊन आली.

कमळाकरचं बोट त्या वाढीव दोन सुतांवर जाऊन थांबलं. लोखंड ओतलं की निवताना आकसतं. फुटाला एक सूत. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. दर वेळी हिशोब नको म्हणून पॅटर्नमेकरची पट्टीच मुळात वाढवून आखलेली असते. तिचा प्रत्येक इंच अंगाने थोडा जास्त भरतो. या धंद्यातली ही पहिली गोष्ट. शिकाऊ माणसाला पहिल्या दिवशी सांगतात आणि मग आयुष्यभर कुणी बोलत नाही, कारण पॅटर्नमेकर दुसरी पट्टी हातात धरतच नाही. कमळाकरच्या घरात दुसरी नव्हतीच. माप तुळशीरामने साध्या पट्टीने घेतलं होतं. पितळही साध्याच पट्टीने कातलं होतं. आणि त्याने मात्र ओतायचं नसलेलं लाकूड, जणू उद्या वाळूत जाणार आहे असं, फुटाला सूत वाढवून घडवलं होतं. वर तुळशीरामचं पितळ त्याच पट्टीने मोजून आखूड ठरवलं होतं.

“माझी पट्टी,” तो एवढंच म्हणाला.

गुणाबाईला वाटलं, पट्टीलाही कुंकू लाव म्हणतोय. तिने दोन्ही पट्ट्यांना बोट लावलं, फुलं वाहिली आणि हात जोडले. कमळाकरचा हात करवतीकडे गेला तशी ती खेकसली, “अहो! आत्ता पूजा झालीय. हात लावायचा नाही.”

“अगं, उद्या उद्घाटन आहे.”

“असू दे. चाळीस वर्षं पाळलंय, आज मोडायचं नाही.”

कमळाकरने हात मागे घेतला. सायकल काढली आणि तो गाढीचा पूल ओलांडून करंजाड्याला गेला.

तुळशीराम अंगणात सुंभ वळत बसला होता. कमळाकरने सायकल लावायच्या आधीच सांगून टाकलं, “चूक माझी आहे. तुझं पितळ बरोबर आहे.”

“बस. पानी पी.”

“पॅटर्नच्या पट्टीने घडवलं मी सगळं. फुटाला सूत मोठं झालंय.”

तुळशीरामने मान हलवली. “मिस्त्री, समजूत काडायला आलंस, बरं वाटलं. पन येवढा खोटा नको बोलू. तू आनि पट्टी चुकनार? शेंबड्या पोराला तरी पटंल?”

“चल, बघ येऊन.”

“पट्टी आनाचीस इथं.”

“पूजेत आहे. हलवता येत नाही.”

“बघ,” तुळशीराम भामाकडे बघून हसला, “पुरावा देवाकडं हाय.”

कमळाकर त्याच्यासमोर उकिडवा बसला. “मला सांग, तीस वर्षांत तुझ्या हातून जॉब बिघडले की नाही?”

“बिघडले ना. रग्गड.”

“कसे बिघडले? सगळे आखूड?”

“आसा कंदी हुतो काय? एकांदा आखूड, एकांदा लांब...” तुळशीरामचा सुंभ थांबला.

“शाफ्ट दोन फुटी, तो दोन सूत कमी. आट्यांचा दांडाही दोन फुटी, तोही नेमका दोन सूत कमी. हाताची चाकं बारकी, त्यांत फरक दिसतच नाही. आंधळा माणूस इतका हिशोबात चुकतो?”

तुळशीरामने सुंभ खाली ठेवला. मग उठला, खुंटीवरचा सदरा अंगात घातला आणि सायकलच्या मागच्या कॅरिअरवर बसला. “चल.”

ओटीवर आल्यावर त्याने चपला काढल्या, दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि पाटासमोर वाकला. इतका, की झेंडू नाकाला लागला. डावं टोक बघितलं. सरकत सरकत उजवीकडे गेला. तिथे थांबला. हात मागेच.

“आयला,” तो म्हणाला.

मग तो हसायला लागला. पाटावरच्या देवाला ऐकू जाईल असा, पोट धरून. “आनि मना बोलतो डोले दाखव! तुजी पट्टी दाखव आदी डाक्टरला!”

“दाखवतो. बस झालं.”

“तीन दिवस मी भामाचा डोका खाल्ला रं, तीन दिवस!”

हसणं ओसरल्यावर त्याची नजर कोपऱ्यातल्या हिरव्या बेडकडे गेली. “मंग आता? उद्या दुपारी मुहूर्त हाय. मी तलोज्यात दुसरा पितल काडून घेतो. दोन सूत लांब. कोनाला काय कलनार नाय.”

“नाही. त्या मशिनवर झालेलं हे शेवटचं काम आहे. ते राहील.”

“मंग?”

“लाकूड कापतो. मधोमध. दोन सुतांची चकती काढून पुन्हा जोडतो.”

“आनि रंग?”

“रंग वाळायला वेळ कुठाय? सांधा दिसणार.”

तुळशीराम जवळ जाऊन पिवळ्या रेघेवर बोट धरून बसला. बोट टेकवलं नाही. “नको कापू,” तो म्हणाला. “ही रेघ परत नाय यायची.”

“तुझा शाफ्ट तरी परत कुठे येतोय?” कमळाकर म्हणाला.

दसऱ्याला उजाडताच उत्तरपूजा झाली. कमळाकरने करवत उचलली. बेड शिकंज्यात धरला, मध्यावर दोन खुणा केल्या. माप तुळशीरामच्या पट्टीने घेतलं. गुणाबाई आत निघून गेली. पहिला काप रंगातून जाताना करकरला, मग सागवानात शिरल्यावर आवाज बदलला. दुसरा काप. दोन सुतांची हिरवी चकती ओटीवर पडली, पिवळा ठिपका कडेला घेऊन. कमळाकरने ती उचलून बाजूला ठेवली, आतून खुंट्या मारल्या, गरम सरस लावला आणि दोन तुकडे एकत्र आवळले. तेवढा वेळ तुळशीराम शेजारी बसून होता, सरसाचं भांडं गरम ठेवत.

सरस धरल्यावर शाफ्ट खोबणीत घातला. तो बसला, नुसता बसला नाही, बोटाच्या धक्क्याने फिरायला लागला. पट्टा चढवला. लेथ फिरला. बेडच्या मधोमध मात्र उघड्या लाकडाची एक रेघ राहिली, आणि पिवळी रेघ तिथे केसभर खाली उतरून पुढे गेली.

तळोज्याच्या ऑफिसात पेढे वाटले जात होते. नव्या निळ्या मशिनींना झेंडूच्या माळा होत्या. प्रदीपने पाहुण्यांना पेटीजवळ आणलं. “हा आमचा जुना लेथ. दादा, फिरवून दाखवा.”

तुळशीरामने बाजूचा दांडा फिरवला. पट्टा सळसळला. लोक “वा” म्हणाले. बँकेचे साहेब खाली वाकले.

“पितळकाम अप्रतिम आहे. आणि हे लाकूडकाम?”

“पांचाळ मिस्त्रींचा,” तुळशीराम म्हणाला. “आमी नुस्ता दांडा घातला.”

“दादा, उद्यापासून येताय ना?” प्रदीपने त्याच्या कानाशी विचारलं.

“परवापासून. उद्या डाक्टरकडं जायचाय, डोले दाखवाला.”

कमळाकर मागे, पाण्याच्या पिंपाजवळ उभा होता. लोक वाकत होते, बोट दाखवत होते, एकमेकांना पट्टा कसा जातो ते सांगत होते. यासाठीच तो इतके दिवस बसला होता, आणि आता त्याला पुढे जाववेना. सांधा नेमका समोरच्या बाजूला होता. कुणाला दिसला कसा नाही?

मग त्याला कळलं. तुळशीराम पेटीच्या मधोमध उभा होता आणि त्याचा उजवा हात काचेवर टेकलेला होता. पाहुणे बदलले तरी हात तिथेच. कुणी पेढा पुढे केला, त्याने तो डाव्या हाताने घेतला. प्रदीपने खुर्ची दिली, तिच्यात तो बसला नाही.

“तुळशा, बस आता. मघापासून उभा आहेस,” कमळाकर जवळ येऊन हळूच म्हणाला.

“बसतो.”

बसला नाही. फोटोग्राफर आला. त्याने प्रदीपला डावीकडे उभं केलं, कमळाकरला ओढून मध्ये आणलं, कॅमेरा डोळ्याला लावला आणि पुन्हा खाली घेतला.

“काका, तो काचेवरचा हात जरा काढा ना. मशिन दिसू दे.”

“मशिन दिसतंय ना?” तुळशीरामने विचारलं.

“दिसतंय, पण मध्ये—”

“मंग काड फोटो,” तुळशीराम म्हणाला. “हात ऱ्हाऊ दे.”